रेटिनावरची रक्तवाहिन्यांची गाठ: तपासण्या आणि उपचार कोणत्या क्रमाने करावेत

रेटिनावर, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, रक्तवाहिन्यांची गाठ आहे असं कळलं की बहुतेक घरांत गाडी उलट्या टोकाकडून सुटते. आधी लेसरची तारीख ठरते, मग खर्चाची चौकशी होते. गाठ नेमकी कोणत्या प्रकारची, दुसऱ्या डोळ्यात आहे का, मेंदूत किंवा पोटात काही आहे का, हे प्रश्न पुष्कळदा दुसरी गाठ निघाल्यावरच कुणाला तरी आठवतात. लेसर चुकीचा नसतो, त्याची पाळी आधी लागलेली असते.

हा लेख रुग्ण, नातेवाईक आणि अशी फाइल पहिल्यांदाच हाताळणारे फॅमिली डॉक्टर यांच्यासाठी आहे. उपचार तुमचे रेटिना तज्ज्ञच ठरवतील. कोणत्या टप्प्यावर त्यांना काय विचारायचं, यासाठी याचा उपयोग करा.

‘ट्यूमर’ म्हटलं की घरात रडारड सुरू होते, म्हणून आधीच सांगतो: इथे ज्या चार गाठींबद्दल लिहिलं आहे त्या कर्करोगाच्या नाहीत आणि शरीरात पसरत नाहीत. नजर जाते ती मुख्यतः गळतीमुळे. गाठीतून पाणी आणि चरबीसारखा पिवळा पदार्थ झिरपतो, मॅक्युलात (पडद्याच्या मधल्या, बारीक वाचायच्या भागात) साचतो, आणि फार झालं तर पडदाच उचलला जातो.

टप्पा 1: तपासणीला जाण्याआधीची तयारी

जुने सगळे कागद घ्या, विशेषतः डोळ्याचे फोटो. घरातल्यांची माहिती एका कागदावर लिहून न्या: आईवडील, भावंडं, काका, आत्या, मामा, मावशी, आजी-आजोबा. यांच्यापैकी कुणाला तरुणपणी अंधत्व आलं होतं का, मेंदूची गाठ काढली होती का, किडनीचा कॅन्सर होता का, कमी वयात बीपी फार वाढायचं का, फिट्स यायच्या का. ‘आजोबांचा एक डोळा लहानपणीच गेला होता’ हे वाक्य घरात कुणाला महत्त्वाचं वाटत नाही, पण तपासणाऱ्याची पेन्सिल तिथेच थांबते.

बाहुली मोठी करायचे थेंब टाकले की चार ते सहा तास जवळचं अंधुक दिसतं आणि उजेड सहन होत नाही. सोबत कुणीतरी असू द्या, टू-व्हीलर चालवत येऊ नका. आपल्याकडच्या गडद रंगाच्या बुबुळांवर थेंब सावकाश चढतात, दोन-तीनदा टाकावे लागतात. घाई करू नका.

इशारा: या थेंबांत पुष्कळदा फिनाइलएफ्रिन असतं, त्याने बीपी वाढू शकतं. बीपी आधीच जास्त असेल, किंवा मधूनच धडधड, दरदरून घाम आणि डोकेदुखी असे झटके येत असतील, तर थेंब टाकण्याआधीच सांगा. नुसत्या ट्रॉपिकामाइडवर काम भागवता येतं.

टप्पा 2: दोन्ही डोळ्यांचा पडदा, अगदी कडेपर्यंत

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. पंचवीस-तीस वर्षांचा माणूस ‘एका डोळ्याने मधलं धूसर दिसतं’ म्हणून येतो. मधल्या भागाचा ओसीटी (पडद्याचे थर दाखवणारा प्रकाशाचा स्कॅन) निघतो, मॅक्युलात सूज आणि पिवळे ठिपके दिसतात, आणि शीर बंद झाली किंवा शुगरचा परिणाम असं धरून इंजेक्शनं सुरू होतात. सूज थोडी उतरते, पुन्हा येते. शुगर नॉर्मल, बीपी नॉर्मल, पण पडद्याच्या कडेला कुणी पाहिलेलंच नसतं. ती गळकी गाठ तिकडे, मॅक्युलापासून बरीच लांब, बसलेली असते.

कडेचा भाग पाहायला डॉक्टर डोक्यावर दिवा बांधतात, हातात भिंग धरतात आणि पापणीवरून डोळ्याला हलकेच दाबत सगळ्या दिशांनी बघतात. ही तपासणी थोडी त्रासदायक वाटते, पण तिला पर्याय नाही. वाइड-फील्ड कॅमेरा असेल तर उत्तम, तरी कडेची अगदी लहान गाठ त्यातून सुटू शकते.

नवीन डॉक्टरांसाठी एक खूण: पडद्यावरची एखादी रोहिणी आणि तिच्या जोडीची नीला दोन्ही फुगलेल्या, वळणावळणाच्या दिसल्या, तर त्यांचा माग काढत कडेपर्यंत जा. जिथे त्या दोघी एकत्र येतात तिथे नारिंगी-लाल गोल गाठ सापडण्याची दाट शक्यता असते. अगदी लहान गाठीला मात्र या फुगलेल्या वाहिन्या नसतात, त्यामुळे वाहिन्या नॉर्मल दिसल्या म्हणून तपासणी अर्ध्यावर सोडता येत नाही.

तपासा: रिपोर्टवर उजवा आणि डावा असे दोन्ही डोळे, दोन्हींच्या कडेचा उल्लेख आणि शक्य तर हाताने काढलेली आकृती आहे का? ‘दुसरा डोळा नॉर्मल’ एवढंच लिहिलं असेल तर तो थेंब टाकून पाहिला का, ते विचारा.

टप्पा 3: फोटो, डाय टेस्ट, ओसीटी, सोनोग्राफी

डाय टेस्ट, म्हणजे एफएफए, या कामाचा कणा आहे. हाताच्या शिरेतून फ्लुओरेसिन नावाचा पिवळा रंग देतात आणि पहिल्या काही सेकंदांपासून भराभर फोटो काढतात. गाठीला रक्त आणणारी वाहिनी कोणती आणि रक्त परत नेणारी कोणती, हे त्या पहिल्या सेकंदांतच कळतं. म्हणून फोटो गाठ असलेल्या डोळ्यापासून, गाठीवर कॅमेरा धरूनच सुरू व्हायला हवेत. तंत्रज्ञाला हे आधी सांगितलं नाही तर तो सवयीने मॅक्युलाचे फोटो काढतो आणि नेमका हवा तो क्षण निघून जातो.

चाचणीनंतर मळमळ होऊ शकते, त्वचा पिवळसर दिसते, लघवी दिवसभर गडद पिवळी-नारिंगी होते. त्याला घाबरू नका. क्वचित तीव्र ॲलर्जी येते, त्यामुळे दमा, पूर्वीची रिॲक्शन, गरोदरपण, स्तनपान हे आधी सांगा.

ओसीटीने मॅक्युलातली सूज मोजता येते आणि पुढे उपचार लागू पडतोय का ते कळतं. बी-स्कॅन सोनोग्राफीने गाठीची जाडी मिळते. लेसर, क्रायो (गाठ गोठवणं) की आणखी काही, ही निवड बरीचशी या आकड्यावर ठरते, म्हणून तो मिलिमीटरमध्ये रिपोर्टवर हवाच.

टप्पा 4: गाठीला नाव द्या

नाव ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका. चार मुख्य प्रकार आहेत.

*हिमँजिओब्लास्टोमा.* नारिंगी-लाल, गोल, फुगलेल्या वाहिन्यांची जोडी असलेली. डायमध्ये लगेच उजळते आणि नंतर भरपूर गळते. बहुधा कडेला असते, कधी दृष्टिमज्जेला (डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला) चिकटून असते. ही गाठ फॉन हिपेल-लिंडाऊ या आनुवंशिक आजाराची (पुढे व्हीएचएल म्हणतो) पहिली खूण असू शकते. टप्पा 5 आणि 6 मुख्यतः हिच्यासाठी आहेत.

*व्हॅसोप्रोलिफरेटिव्ह ट्यूमर.* पिवळसर-गुलाबी, बहुधा खालच्या-बाहेरच्या कडेला, साधारण चाळिशी-पन्नाशीत. गळती भरपूर होते, पण वाहिन्या थोड्याच फुगलेल्या असतात. काही रुग्णांत ती आधीच्या आजारावर उगवते: रेटिनायटिस पिगमेंटोसा (पडदा हळूहळू झिजण्याचा आजार), डोळ्याची जुनी अंतर्गत सूज, टॉक्सोप्लाझ्मा (परजीवीचा संसर्ग), कोट्स (पडद्याच्या वाहिन्या गळण्याचा आजार). तो मूळ आजार शोधावाच लागतो.

*कॅव्हर्नस हिमँजिओमा.* गडद जांभळ्या द्राक्षांच्या घोसासारखी. आत रक्त जवळजवळ साचलेलं असतं, त्यामुळे डाय सावकाश भरतो आणि प्रत्येक पिशवीत वरच्या भागात रंग, खाली रक्तपेशी अशी आडवी रेघ दिसते. गळती जवळपास नसते. एकदा ती रेघ पाहिली की निदानात शंका उरत नाही. डोळ्याला सहसा काही करायला लागत नाही, पण काही कुटुंबांत मेंदूतही अशाच पिशव्या असतात आणि त्यातून फिट्स किंवा रक्तस्राव होतो. मेंदूचा एमआरआय करा आणि त्यात एसडब्ल्यूआय सीक्वेन्स (रक्ताच्या बारीक खुणाही टिपणारी पद्धत) घ्यायला सांगा. साध्या सीक्वेन्समध्ये लहान पिशव्या सुटतात.

*रॅसिमोज.* रोहिणी आणि नीला मधल्या केशवाहिन्यांशिवाय थेट जोडल्या गेलेल्या असतात आणि जाड दोरासारख्या पडद्यावर पसरतात. डाय वेगाने जातो, गळत नाही. खरं तर ही गाठ नव्हे, जन्मजात जोडणीचा दोष आहे. त्याच बाजूला मेंदूत असाच गुंता असू शकतो, त्याला वायबर्न-मेसन म्हणतात.

इशारा: वायबर्न-मेसनमध्ये जबड्याच्या हाडातही वाहिन्यांचा गुंता असू शकतो. अशा माणसाचा दात साधा समजून काढला तर रक्त थांबता थांबत नाही. दंतवैद्याला आधी सांगा, जबड्याचं इमेजिंग झाल्याशिवाय दात काढू नका.

आता या चौघांशी गल्लत होणारे आजार. दृष्टिमज्जेजवळची हिमँजिओब्लास्टोमा सपाट आणि अस्पष्ट कडांची असते, ती मज्जेची सूज समजून स्टिरॉइड दिली जातात. लहान मुलाच्या एका डोळ्यात पिवळा थर आणि फुगलेल्या वाहिन्या असतील तर कोट्स असू शकतो. वयस्कर माणसात अशीच गळती रोहिणीवरच्या एखाद्या फुगवट्याने, म्हणजे मॅक्रोॲन्युरिझमने होते.

इशारा: लहान मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसत असेल तर रेटिनोब्लास्टोमा नाही हे पक्कं होईपर्यंत त्या डोळ्यात कोणतीही सुई, कोणतंही इंजेक्शन नको. तो कर्करोग आहे आणि सुईच्या वाटेने बाहेर पसरू शकतो. वरच्या चार गाठींचंही निदान बघून आणि डायवरून होतं, बायॉप्सीची गरज क्वचितच पडते. कुणी सहज बायॉप्सी सुचवली तर डोळ्यांच्या कॅन्सरचं काम करणाऱ्या केंद्रात दुसरं मत घ्या.

टप्पा 5: डोळ्याबाहेर पाहणं, आणि तेही आधी

निदान हिमँजिओब्लास्टोमा असेल तर गाठ एकच असली, वय कितीही असलं तरी व्हीएचएलची तपासणी करा. एकाहून जास्त गाठी, दोन्ही डोळ्यांत गाठी किंवा घरात कुणाला तसा आजार असेल, तर शंका फारच बळावते. या आजारात लहान मेंदू आणि मज्जारज्जूत तशाच गाठी, किडनीचा कॅन्सर, ॲड्रिनल ग्रंथीवर फिओक्रोमोसायटोमा, स्वादुपिंडात गाठी किंवा पाण्याच्या पिशव्या, आणि आतल्या कानात गाठ होऊ शकते.

यातही क्रम आहे. पहिला नंबर फिओक्रोमोसायटोमाचा. ही गाठ ॲड्रिनॅलिनसारखी रसायनं रक्तात सोडते आणि पूर्ण भूल देताना किंवा शस्त्रक्रियेत बीपी जीवघेणं उसळू शकतं. लहान मुलाचा लेसर किंवा क्रायो भूल देऊनच करावा लागतो, मोठ्यांची पडद्याची शस्त्रक्रिया कधी भूल देऊन होते. म्हणून भूल देण्याआधी रक्तातली किंवा 24 तासांच्या लघवीतली मेटानेफ्रिन्स (याच रसायनांपासून बनणारे घटक) तपासून घ्या. रक्ताची चाचणी शक्यतो 20 ते 30 मिनिटं आडवं पडून मग घेतलेली असावी. पॅरासिटामॉल आणि नैराश्याची काही औषधं काही पद्धतींच्या चाचण्यांत गोंधळ करतात, त्यामुळे चालू गोळ्यांची यादी लॅबला द्या.

इशारा: धडधड होते म्हणून घरातलीच प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर गोळी घेऊ नका. फिओक्रोमोसायटोमात अल्फा-ब्लॉकर आधी सुरू न करता ती घेतली तर बीपी आणखी चढू शकतं.

मग मेंदू, संपूर्ण मज्जारज्जू आणि पोट यांचा कॉन्ट्रास्टसह एमआरआय. ‘ब्रेन प्लेन’ करून समाधान मानण्याची चूक नेहमीची आहे: त्यात मज्जारज्जू येत नाही आणि बिनकॉन्ट्रास्टचा लहान गाठींना पुरत नाही. सोबत कानाची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी.

हे सगळं उरकेपर्यंत डोळ्याचं काम थांबवायचं का? पडदा उचलला जात असेल तर नाही. मोठ्या माणसाचा, फक्त थेंबांची भूल देऊन होणारा लेसर याची वाट पाहत नाही. पूर्ण भूल लागणार असेल तर मेटानेफ्रिन्सचा रिपोर्ट आधी, हा नियम मी कधीच सैल करत नाही.

टप्पा 6: जनुकीय चाचणी आणि घरातली माणसं

व्हीएचएल जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर असतं. आईवडिलांपैकी एकाकडे दोष असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता 50 टक्के. साधारण पाचातल्या एका रुग्णात दोष नव्यानेच आलेला असतो, त्यामुळे ‘आमच्या घरात असं कुणालाच नाही’ यावरून आजार नाही असं ठरत नाही.

चाचणी आधी रुग्णाची करा, नातेवाइकांची नंतर. रुग्णात नेमका कोणता दोष आहे हे कळल्यावर बाकीच्यांत फक्त तोच शोधायचा असतो. ते काम स्वस्त पडतं आणि उत्तर स्वच्छ हो किंवा नाही येतं. उलट, आधी धाकट्या भावाची चाचणी केली आणि ‘काही सापडलं नाही’ आलं, तर त्यावर विसंबता येत नाही.

लॅबला विचारा: सीक्वेन्सिंगसोबत (जनुक अक्षर-अक्षर वाचण्यासोबत) डिलीशन-डुप्लिकेशन तपासणी (तुकडा गळाला किंवा दुप्पट झाला का हे पाहणारी), उदाहरणार्थ एमएलपीए, आहे का? या जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला असणं दुर्मीळ नाही आणि नुसत्या सीक्वेन्सिंगमध्ये ते निसटू शकतं.

रिपोर्ट घ्यायला एकट्याने जाऊ नका, जेनेटिक काउन्सेलरची वेळ घ्या. लग्न ठरलेल्या मुलीचा रिपोर्ट घरातल्या चौघांनी फोनवर वाचून निर्णय देणं हा प्रकार आपल्याकडे होतो. रिपोर्ट तिचा आहे, कुणाला सांगायचं ते तिने ठरवायचं.

टप्पा 7: उपचार निवडणं

कॅव्हर्नस आणि रॅसिमोजला बहुधा फक्त नजर ठेवायची. पुढचं मुख्यतः हिमँजिओब्लास्टोमाबद्दल.

कडेची, साधारण दीड मिलिमीटरपर्यंतची गाठ लेसरने चांगली आटोक्यात येते. तुलनेसाठी, दृष्टिमज्जेची चकती साधारण दीड मिलिमीटर रुंद असते. गाठ थेट शेकतात किंवा आधी रक्त आणणारी रोहिणी. रक्त परत नेणारी नीला आधी बंद झाली तर गाठ तुंबून रक्तस्राव होऊ शकतो, टप्पा 3 मधली डाय टेस्ट इथे कामी येते. एका बैठकीत क्वचित संपतं, काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा करावं लागतं. ‘एकदाच जोरात करून टाका’ असा आग्रह धरू नका, जास्त ताकदीने रक्तस्रावच होतो.

कडेची लहान गाठ सध्या त्रास देत नाही म्हणून थांबावं का? माझं मत स्पष्ट आहे: थांबू नका. लहान असताना ती दोन-तीन बैठकांत निपटते, मोठी झाली की नजर पणाला लागते.

दीड ते चार मिलिमीटरच्या, अगदी पुढे कडेला असलेल्या किंवा खाली पाणी साचल्याने लेसर न बसणाऱ्या गाठीला क्रायो, म्हणजे गोठवणं. व्हॅसोप्रोलिफरेटिव्ह ट्यूमरलाही क्रायो बऱ्याचदा उपयोगी पडतो. त्याहून मोठीला प्लाक: किरणोत्सर्गी चकती डोळ्याच्या बाहेरच्या भिंतीवर ठरावीक वेळ शिवून ठेवतात. रुथेनियम-106 च्या अशा चकत्या मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने देशात बनवल्या आहेत. पडदा ओढला किंवा उचलला गेला असेल तर व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ काढून करायची पडद्याची शस्त्रक्रिया.

दृष्टिमज्जेला चिकटलेल्या गाठीचं गणित वेगळं. लेसर केला तर मज्जेचे तंतू जळतात आणि उपचारानेच नजर जाते. गळती नसेल तर बघत राहणं हाच चांगला निर्णय. गळती सुरू झाली तर फोटोडायनॅमिक थेरपीचा (शिरेतून औषध देऊन ते गाठीत प्रकाशाने जागं करण्याचा) विचार होतो. डोळ्यातली अँटी-व्हीईजीएफ (वाहिन्यांची गळती रोखणारी) इंजेक्शनं सूज कमी करतात, गाठ सहसा लहान करत नाहीत. जोडीला ठीक, पण एकट्या इंजेक्शनांवर वर्ष काढत असाल तर पुढचा बेत काय आहे, ते विचारा.

गोळीही आहे: बेल्झुटिफॅन. व्हीएचएलमधल्या किडनी, मेंदू-मज्जारज्जू आणि स्वादुपिंडाच्या ठरावीक गाठींसाठी अमेरिकेच्या एफडीएने ती ऑगस्ट 2021 मध्ये मंजूर केली. ज्या रुग्णांवरच्या चाचणीवरून ही मंजुरी मिळाली, तिच्यात रेटिनावरच्या गाठींतही सुधारणा दिसली. मज्जेजवळच्या गाठींसाठी हा मोठा दिलासा आहे. मात्र तिने रक्त कमी होतं, ऑक्सिजन उतरू शकतो, गर्भाला धोका असतो आणि गर्भनिरोधक हार्मोनच्या गोळ्यांचा परिणामही कमी होतो. ती कॅन्सर तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायची.

टप्पा 8: लेसर किंवा क्रायोनंतरचे आठवडे

नजर लगेच सुधारत नाही. पहिल्या दिवसांत गळती उलट वाढून पडदा तात्पुरता उचलला जाऊ शकतो. बहुधा ते आपोआप ओसरतं, पण ते ‘बहुधा’ तुम्ही घरी बसून ठरवायचं नाही. काळा पडदा सरकतोय असं वाटलं, खूप काळे ठिपके दिसले, डोळा दुखून लाल झाला, तर त्याच दिवशी दाखवा.

मॅक्युलातला पिवळा थर विरघळायला महिने लागतात. गाठ फिकी पडली का, तिच्या वाहिन्या बारीक झाल्या का, ओसीटीवरची जाडी उतरतेय का, या तीन गोष्टी बघा. वाहिन्या फुगलेल्याच असतील तर गाठ जिवंत आहे, वरून कितीही पांढरी दिसली तरी.

टप्पा 9: पुढची वर्षं

व्हीएचएल पक्का असेल तर जुनी गाठ सुकली तरी नवीन येतात. प्रचलित शिफारशींनुसार थेंब टाकून डोळ्यांची तपासणी बाळाच्या पहिल्या वाढदिवसाआधी सुरू करायची, तिशीपर्यंत दर 6 ते 12 महिन्यांनी, पुढे दरवर्षी. मेटानेफ्रिन्स पाचव्या वर्षापासून दरवर्षी. मेंदू आणि मज्जारज्जूचा एमआरआय आणि कानाची तपासणी अकराव्या वर्षापासून, पोटाचा एमआरआय पंधराव्या वर्षापासून, हे सगळं दर दोन वर्षांनी. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर त्याआधीच डोळे, मेंदू-मज्जारज्जू आणि मेटानेफ्रिन्स तपासून घ्या, आणि बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना हा आजार पहिल्याच भेटीत सांगा.

जनुकीय दोष नाही असं चाचणीत सिद्ध झालेल्या भावंडांना यातलं काहीही करायला लागत नाही. तरी भीतीपोटी दरवर्षी एमआरआय करणारी घरं असतात. तो खर्च वाचवा.

नोकरी-शिक्षणासाठी गाव किंवा देश बदलताना डोळ्यांचे सगळे मूळ फोटो, डाय टेस्ट आणि ओसीटी पेनड्राइव्हवर मागून घ्या. छापील रिपोर्टच्या झेरॉक्सवरून नव्या डॉक्टरला गाठ अर्ध्या मिलिमीटरने वाढली की नाही, हे कळत नाही.